'द हेटफुल एट': प्रेक्षक कंटाळले ते नेमके कशाला?

२०१५च्या नाताळात अमेरिकेत क्वेंटिन टॅरँटिनोचा 'द हेटफुल एट' लागला आणि प्रेक्षकांत सरळ फूट पडली. एकाला सिनेमा संथ वाटला, दुसऱ्याला फार रक्तबंबाळ. कुणाच्या मते दीड-दोन तास नुसती बडबड, कुणाच्या मते शेवटचा तास बघवत नाही. गंमत म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी असायची. सिनेमा कंटाळवाणाही आहे आणि अंगावर येतो म्हणून नकोसाही झालाय, असं एका दमात म्हणणारे प्रेक्षक फार कमी सिनेमांना मिळतात. तो सिनेमा त्यांना कशामुळे भावला नाही, एवढंच इथे तपासायचं आहे.

पुढे सगळं कथानक उघडं केलंय. अजून पाहिला नसेल आणि रहस्य जपायचं असेल तर आधी सिनेमा बघून या.

गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या वायोमिंगमधली. हिमवादळ मागे लागलंय. जॉन रूथ (कर्ट रसेल) हा बाउंटी हंटर, म्हणजे इनामासाठी गुन्हेगार पकडणारा, डेझी डॉमर्ग्यू (जेनिफर जेसन ली) या कैदी बाईला स्वतःच्या मनगटाशी बेडीने जखडून रेड रॉक गावी फाशीसाठी नेतोय. तिच्यावर दहा हजार डॉलरचं इनाम आहे. वाटेत त्याच्या घोडागाडीत दोघे चढतात. एक मेजर मार्क्विस वॉरन (सॅम्युअल एल. जॅक्सन), उत्तरेच्या सैन्यातला माजी कृष्णवर्णीय अधिकारी, आता तोही बाउंटी हंटर. दुसरा क्रिस मॅनिक्स (वॉल्टन गॉगिन्स), दक्षिणेतल्या बंडखोर टोळीच्या म्होरक्याचा मुलगा. आपण रेड रॉकचे नवे शेरीफ आहोत असं तो सांगतो. वादळामुळे सगळे मिनीच्या मुक्कामाच्या दुकानात अडकतात. तिथे आधीच चार अनोळखी पुरुष बसलेले आहेत, आणि त्यातला निदान एक तरी डेझीला सोडवायला आलाय. इथून पुढे सिनेमा जवळजवळ त्या एका खोलीतच राहतो.

आता विक्रीची बाजू, कारण प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेतला मोठा वाटा तिथेच ठरला. हा सिनेमा दोन रूपांत लागला. २५ डिसेंबरला सुमारे शंभर थिएटरांत तो ७० मिमी या नेहमीपेक्षा रुंद फिल्मवर दाखवला गेला. सुरुवातीला काळ्या-लाल पडद्यावर नुसतं संगीत, मध्ये बारा मिनिटांचं मध्यंतर, हातात छापील पुस्तिका, एकूण १८७ मिनिटं. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी जुने प्रोजेक्टर शोधून, दुरुस्त करून बसवावे लागले. वापरलेली अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० ही अतिरुंद चौकट १९६६च्या 'खार्टूम'नंतर कुठल्या कथापटाने वापरलेली नव्हती. मग काही दिवसांतच डिजिटल प्रत सगळीकडे लागली. ती १६८ मिनिटांची. सुरुवातीचं संगीत नाही, मध्यंतर नाही, काही मिनिटांची दृश्यं कमी.

पहिल्या गटाने एक संध्याकाळ विकत घेतली होती आणि दुसऱ्याने एक सिनेमा. ७० मिमीच्या तिकिटासाठी वाकडी वाट करून येणारा माणूस मुळातच भक्त असतो, त्यामुळे तो खूश होऊन बाहेर पडला यात नवल नाही. त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण एक गोष्ट तरी नोंदवावी लागते. दोन्हींतली लांब प्रत पाहणारे कमी कुरकुरले.

मध्यंतराची एक खास गोम इथे सांगायलाच हवी. पूर्वार्ध संपतो तो वॉरनने दुकानात बसलेल्या चौघांपैकी एकाला, दक्षिणेच्या सैन्यातल्या म्हाताऱ्या जनरल स्मिदर्सला (ब्रूस डर्न), गोळी घातल्यावर. मध्यंतरानंतर अचानक एक निवेदक बोलू लागतो. आवाज खुद्द टॅरँटिनोचा. आपण पात्रांना सोडून गेलो त्याला साधारण पंधरा मिनिटं झाली, असं तो सांगतो, आणि मग तेवढ्या वेळात कॉफीच्या किटलीत कुणीतरी विष कालवलं हे दाखवतो. ही थिएटरातल्या मध्यंतरावरच बेतलेली खोडी आहे. तुम्ही पॉपकॉर्न आणायला गेलात आणि इकडे खोलीत खून शिजला. डिजिटल प्रतीत मध्यंतर काढलं, निवेदकाचं वाक्य मात्र तसंच राहिलं. म्हणजे स्मिदर्स पडतो आणि पुढच्याच क्षणी एक अनोळखी आवाज म्हणतो की पंधरा मिनिटं झाली. पुष्कळांना हा निवेदक मध्येच कुठून उपटला ते कळलंच नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

तिकीटबारीवर काय झालं? अमेरिका-कॅनडात सुमारे ५.४ कोटी डॉलर, जगभरात साडेपंधरा कोटींच्या आसपास. त्याच दिग्दर्शकाच्या आधीच्या 'जँगो अनचेन्ड'ने अमेरिकेत १६ कोटींच्या वर आणि जगभरात ४२ कोटींच्या वर गल्ला जमवला होता. सिनेमास्कोर ही कंपनी अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांच्या हाती कार्ड देऊन श्रेणी गोळा करते. पहिल्याच दिवशी स्वतःच्या पैशाने आलेला माणूस सहसा उदार असतो, म्हणून तिथे 'ए'च्या आसपासच्या श्रेण्या सर्रास दिसतात. 'जँगो'ला 'ए वजा' मिळाली, 'हेटफुल एट'ला 'बी'. ही श्रेणी नापासाची नाही, पण घरी जाऊन चार मित्रांना आग्रह करणाऱ्या माणसाचीही नाही.

नेहमीची कारणं आधी बाजूला करू. एकच आठवडा आधी 'स्टार वॉर्स' मालिकेचा नवा भाग लागला होता आणि त्याने पडदेच्या पडदे अडवून ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या पोलिसी अत्याचारविरोधी मोर्चात टॅरँटिनो सामील झाला म्हणून पोलीस संघटनांनी त्याच्या सिनेमावर बहिष्काराची हाक दिली होती. प्रदर्शनाच्या आधीच एक प्रत इंटरनेटवर फुटली. या सगळ्याने गर्दी कमी झाली असेलही. पण थिएटरात बसलेल्या माणसाने 'बी' का दिली, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

मग लांबी? इथे आकडे सरळ आडवे येतात. 'जँगो' १६५ मिनिटांचा आहे, 'हेटफुल एट'ची डिजिटल प्रत १६८. तीन मिनिटांनी कुणी कंटाळत नाही.

मग संवाद? २००९च्या 'इन्ग्लोरियस बास्टर्ड्स'ची सुरुवातच शेतघरातल्या टेबलावर चाललेल्या लांबलचक, शांत, भयंकर संभाषणाने होते. पुढे तळघरातल्या दारूच्या गुत्त्यात तसाच प्रसंग पुन्हा येतो. लोकांना तो सिनेमा आठवतो तो याच दोन प्रसंगांसाठी, आणि तिथेही पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांनी 'ए वजा' दिली होती. टॅरँटिनोच्या सिनेमाला जाऊन पात्रं फार बोलतात म्हणणं म्हणजे कीर्तनाला जाऊन बुवा गातात फार म्हणण्यासारखं आहे.

आणि हिंसा? त्याच हंगामात, जानेवारी २०१६मध्ये, 'द रेव्हनंट' अमेरिकाभर लागला. तोही बर्फातला, तोही अमेरिकी सीमाभागातला, १५६ मिनिटांचा, अस्वलाने माणूस फाडण्यापासून सुरीने भोसकण्यापर्यंत सगळं त्यात आहे. अमेरिकेत त्याने १८ कोटींच्या वर कमावले. म्हणजे थंडी, रक्त आणि अडीच तास सोसायला लोक तयार होते. 'रेव्हनंट'मध्ये संवाद जवळजवळ नाहीत, म्हणून शेवटी दोष संवादांवरच येतो, असं कुणी म्हणेल. पण मग 'बास्टर्ड्स'चं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. 'जँगो'त बायकोला सोडवायला निघालेला गुलाम आहे. 'बास्टर्ड्स'मध्ये समोर नाझी आहेत. 'रेव्हनंट'मध्ये मुलगा गमावलेला बाप आहे. या तिन्ही ठिकाणी पहिल्या अर्ध्या तासात प्रेक्षकाला बसायला बाजू मिळते. एकदा ती मिळाली की तो दहा मिनिटांचं संभाषणही श्वास रोखून ऐकतो, कारण त्यात कुणाचं तरी काहीतरी पणाला लागलेलं असतं. पुढे रक्त उडालं तर ते हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. 'हेटफुल एट' ही बाजू देत नाही. किंवा देतो आणि काढून घेतो, हे जास्त खरं.

वॉरनचंच घ्या. सिनेमा पुस्तकासारखा प्रकरणांत विभागलाय, आणि पहिल्या दोन प्रकरणांत आपण त्याचेच असतो. जॅक्सन आहे, बुद्धिमान आहे, वर्णद्वेष्ट्यांच्या घोळक्यात एकटा आहे, खिशात अब्राहम लिंकनचं पत्र आहे. मग कळतं की युद्धात कैदेतून पळताना त्याने तुरुंगछावणी पेटवली आणि त्यात त्याच्याच बाजूचे सैनिकही जळाले. मग कळतं की युद्धात कैदेतून पळताना त्याने तुरुंगछावणी पेटवली आणि त्यात त्याच्याच बाजूचे सैनिकही जळाले. आणि मग तो म्हाताऱ्या स्मिदर्ससमोर बसतो आणि त्याच्या मुलाला आपण बर्फात नागवा चालवून कसं मारलं ही गोष्ट चघळत चघळत सांगतो. गोष्ट खरी की रचलेली, हेही कळत नाही. म्हाताऱ्याजवळ आधीच एक पिस्तूल ठेवलेलं असतं. तो भडकून त्याला हात घालतो आणि वॉरन कायद्याच्या चौकटीत राहून त्याला उडवतो. स्मिदर्सही काही बिचारा नाही. त्याने कृष्णवर्णीय युद्धकैद्यांना मारून टाकलंय. तरीही त्या क्षणी टाळी वाजवावी असं वाटत नाही. सिनेमा सुरू होऊन तोवर सुमारे शंभर मिनिटं झालेली असतात. डोळ्यांसमोर पडलेला हा पहिला मुडदा, आणि तोही असा.

घड्याळाकडे नजर जाते ती इथेच. प्रेक्षक 'किती बोलतात' असं म्हणतो तेव्हा त्याला बहुधा 'यातलं कुणाचं ऐकू?' असं म्हणायचं असतं.

रूथची गोष्ट याहून अवघड आहे. घोडागाडीतच तो डेझीच्या तोंडावर कोपराने फटका मारतो. कितीतरी थिएटरांत त्या क्षणी हशा पिकला, आणि त्या हशावरून वाद पेटला. एक पक्ष म्हणाला की सिनेमा बाईच्या मारहाणीचा विनोद करतो. दुसरा म्हणाला की तो मुद्दाम तुम्हाला हसवतो आणि मग तासाभराने तिचा रक्ताने माखलेला चेहरा दाखवून त्या हसण्याची लाज वाटायला लावतो. दुसरं म्हणणं ऐकायला छान आहे, पण मला ते निम्मंच पटतं. तो फटका विनोदाच्या तालावर कापलेला आहे. वाक्य, थांबा, फटका, रूथचा निर्विकार चेहरा. एवढ्या काटेकोर जुळणीनंतर हसण्याचा सगळा दोष प्रेक्षकाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. आणि डेझीने नेमकं काय केलंय हे आपण कितीतरी वेळ पाहिलेलंच नसतं. रूथचा शब्द आणि इनामाचा कागद, एवढ्यावर आपण मारहाण मान्य केलेली असते. जेनिफर जेसन लीने ही भूमिका डोळ्यांतली खोड शाबूत ठेवून केलीय, आणि तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं ते योग्यच होतं.

याच डेझीच्या गिटारचा किस्सा अनेकांना ठाऊक असेल. ती वाजवते ती मार्टिन कंपनीच्या संग्रहालयातून उसनी आणलेली १८७०च्या दशकातली खरी गिटार होती. फोडायच्या वेळी ती बदलून नक्कल द्यायची होती. ते रसेलपर्यंत पोचलं नाही आणि त्याने खरी गिटारच खांबावर आपटली. लीची किंकाळी अभिनयाची नाही. संग्रहालयाने त्यानंतर सिनेमांना गिटारी देणं बंद केलं. मला तर वाटतं, त्या गिटारसाठी लोक जितके हळहळले तितके सिनेमातल्या आठांपैकी एकासाठीही हळहळले नसतील. हे विनोदाने म्हटलं तरी माझा मुद्दा तोच आहे.

आता बडबड आणि रक्त यांची गाठ कुठे पडते ते बघा. खोलीत बसलेला ऑस्वाल्डो मोब्रे (टिम रॉथ) आपण रेड रॉकचे फाशीगार आहोत असं सांगतो आणि न्यायावर एक छोटं प्रवचन देतो. फाशी देणाऱ्याला कैद्याबद्दल काहीच वाटत नसतं, आणि हे काही न वाटणं हाच न्यायाचा गाभा. सूडबुद्धीने दिलेली फाशी न्याय ठरेलच याची खात्री नाही, असा त्याचा आशय. ऐकताना वाटतं, झालं, आणखी एकाची वटवट सुरू. पण सिनेमाचा शेवट काय आहे? गोळ्या लागून मरायला टेकलेले वॉरन आणि मॅनिक्स, एक काळा आणि एक वर्णद्वेष्टा गोरा, दोघे मिळून डेझीला दोरीने वर ओढतात आणि ती तडफडताना समाधानाने बघतात. पहिल्या तासात ज्याला न्याय म्हणायचं नाही असं सांगितलं, नेमकं तेच शेवटी परमोच्च क्षण म्हणून वाढलेलं आहे. ज्याने प्रवचन ऐकलं त्याला हा शेवट कडू लागतो. ज्याचं लक्ष तोवर मोबाइलकडे गेलं होतं त्याला तो नुसता किळसवाणा लागतो. दोन्ही प्रेक्षक खुर्चीतून उठताना नाराजच, फक्त नाराजीची कारणं वेगळी.

म्हणून संथपणाची आणि हिंसेची तक्रार एकाच तोंडून येते. शब्दांनी प्रत्येक पात्राचं पाणी जोखून झाल्यावर जे रक्त येतं त्यात सुटकेचा आनंद उरत नाही. पाचव्या प्रकरणात सिनेमा त्याच दिवशीच्या सकाळी मागे जातो आणि मिनी, तिचा नवरा, तिथली कामाची माणसं कशी मारली गेली ते दाखवतो. सगळ्या सिनेमात साधी, हसरी, भली माणसं एवढीच. ती भेटतात तेव्हाच आपल्याला कळलेलं असतं की ती मेलेली आहेत. अनेकांना हे प्रकरण अनावश्यक वाटलं, कारण रहस्य तर आधीच फुटलेलं असतं. मला ते सिनेमातलं सर्वांत क्रूर आणि सर्वांत गरजेचं प्रकरण वाटतं; पण थकलेल्या प्रेक्षकाने त्या वेळी उसासा टाकला तर त्यालाही नावं ठेवणार नाही.

टॅरँटिनोचं सगळंच जाणूनबुजून होतं असंही नाही. आठांपैकी निम्मे जण नीट लिहिलेलेच नाहीत. मायकेल मॅडसनचा जो गेज आणि डेमियन बिशिरचा बॉब यांना मुखवट्यापलीकडे फारसं काही मिळालेलं नाही. मोब्रेचं ते प्रवचन सोडलं तर तोही पोकळ. त्यामुळे विष कुणी घातलं याचा छडा लावताना उत्कंठा वाढायला हवी तिथे कोण का असेना अशी भावना येते. बंद खोलीतलं रहस्य रंगायचं तर संशयित आवडायला किंवा नावडायला तरी हवेत. तळघरातून चॅनिंग टेटम उगवतो तेव्हा धक्का बसतो तो नटाला बघून, पात्राला नव्हे.

रुंद चौकटीबद्दलही असाच मतभेद झाला. एवढी महागडी, अवाढव्य चौकट आणि सिनेमा खोलीत? खरं तर मोठ्या पडद्यावर तिचा उपयोग खोलीतच होतो. एक जण बोलत असताना मागे बाकीचे काय करतायत हे सतत दिसत राहतं, आणि संवादाबरोबर डोळ्यांनाही काम मिळतं. श्वासाची वाफ दिसावी म्हणून लॉस एंजेलिसमधला सेट थंडगार ठेवला होता. तीही या चौकटीत जाणवते. मात्र मॉलमधल्या लहान पडद्यावर हीच चौकट आडवी चिंचोळी पट्टी होते आणि मागची माणसं ठिपके होतात. तिथे फक्त शब्द उरतात. १६८ मिनिटं शब्द.

एनियो मॉरिकोनेचं संगीत मात्र दोन्ही गटांनी डोक्यावर घेतलं. त्याला २०१६चं ऑस्कर मिळालं. २००७मध्ये त्याला सन्मानाचं ऑस्कर दिलेलं होतं, पण स्पर्धेतलं हे पहिलंच. त्यात 'द थिंग' या १९८२च्या सिनेमासाठी केलेले पण तेव्हा न वापरलेले तुकडेही आहेत. तोही बर्फात अडकलेल्या, एकमेकांवर विश्वास नसलेल्या पुरुषांचा सिनेमा, आणि त्यातही कर्ट रसेल. हे संगीत पाश्चात्त्य घोडेपटाचं नाहीच, भयपटाचं आहे. जाहिरातीत घोडे, बर्फ, टोप्या आणि पिस्तुलं दिसली म्हणून लोक वेस्टर्न बघायला आले, आणि संगीत पहिल्या मिनिटापासून दुसरंच काहीतरी सांगत होतं. अपेक्षेचा घोळ निम्मा इथेच झाला.

भारतात तो २०१६च्या सुरुवातीला लागला. इथे एक मजेशीर उलटापालट होते. अमेरिकी प्रेक्षकाला मध्यंतर ही जुन्या काळची चैन वाटली. आपल्याकडे कुठल्याही इंग्रजी सिनेमाला मध्येच कापून वडापाव आणि समोसे खपवले जातात. त्यामुळे मध्यंतर नसलेल्या प्रतीलाही आपल्याकडे मध्यंतर मिळतं. पण ते थिएटरवाला ठरवतो, स्मिदर्सच्या मुडद्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय दक्षिणेकडच्या अमेरिकी उच्चारांतलं बोलणं, यादवी युद्धाचे संदर्भ, कोण कुठल्या बाजूने लढला याचे टोमणे. यातलं बरंच काही आपल्या कानांवरून जातं आणि मग खरोखरच बडबड उरते. मराठी प्रेक्षकाला हा सिनेमा लांब वाटला तर त्यामागे हे एक जास्तीचं, अगदी रास्त कारण आहे.

एप्रिल २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर हाच सिनेमा चार भागांत आला. काही जास्तीची दृश्यं, प्रत्येक भाग साधारण पन्नास मिनिटांचा, टॅरँटिनोच्या संमतीने नव्याने कापलेला. म्हणजे सर्वांत लांब आवृत्ती. प्रकरणांची मूळ रचना भागांना सोयीची पडली, आणि संवादांची लांबी एकदम सुसह्य झाली, कारण मालिकेत माणसं खोलीत बसून बोलतात याची आपल्याला सवय असते. हिंसेचं मात्र उलट झालं. थिएटरात विषारी कॉफीनंतरचा तास एका लाटेसारखा अंगावरून जातो. तुकड्यांत बघताना प्रत्येक भागाला रक्ताची नवी सुरुवात करावी लागते. बाजू न मिळण्याचा प्रश्न तिथेही सुटत नाही, पण टीव्हीवर वाईट माणसांच्या संगतीत तासन्‌तास काढायला गेल्या वीस वर्षांत आपण बऱ्यापैकी शिकलोय.

तुम्ही घरी एका बैठकीत बघणार असाल तर स्मिदर्स पडल्यावर थांबवा, उठा, चहा करा. निवेदकाचा हिशेब पंधरा मिनिटांचा आहे, चहाला तेवढा वेळ पुरतो. कॉफी नको.